हुकूमनाम्यानंतरचा दावा

पैशाच्या वसुलीसाठी दिवाणी न्यायालयात गेलेल्या माणसाची सर्वसाधारण समजूत अशी असते की निकाल बाजूने लागला की पैसे हाती पडतील. प्रत्यक्षात हाती पडतो तो हुकूमनामा, म्हणजे प्रतिवादीने वादीला अमुक रक्कम, अमुक दराने व्याज आणि दाव्याचा खर्च द्यावा असे सांगणारा न्यायालयाचा औपचारिक दस्तऐवज, आणि त्या दस्तऐवजाचे पैसे व्हावेत म्हणून वादीला पुन्हा अर्ज करून दुसरी कार्यवाही उभी करावी लागते. महाराष्ट्रातील न्यायालयांत या दुसऱ्या कार्यवाहीला ‘दरखास्त’ म्हणतात. तिला स्वतंत्र क्रमांक पडतो, तिच्या स्वतंत्र तारखा लागतात, तिच्यात नव्या हरकती येतात आणि पक्षांची नावेही बदलतात : वादी ‘हुकूमनामाधारक’ होतो आणि प्रतिवादी ‘निर्णीत ऋणको’, म्हणजे ज्याचे देणे न्यायालयाने ठरवून दिले आहे असा देणेकरी. दरभंगा राजच्या एका प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली असे निरीक्षण नोंदवले होते की हिंदुस्थानातील पक्षकाराच्या अडचणी त्याला हुकूमनामा मिळाल्यानंतर सुरू होतात. दीडशे वर्षे उलटून गेल्यावरही सर्वोच्च न्यायालयाला आपल्या निकालपत्रांत त्याच निरीक्षणाचा आधार घ्यावा लागतो, यातच सर्व आले.

या अडचणींचे मोजमाप अलीकडे झाले आहे. दरखास्तींच्या दिरंगाईमुळे व्यथित होऊन सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली देशातील सर्व उच्च न्यायालयांकडून माहिती मागवली, तेव्हा ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती प्रलंबित असल्याचे उघड झाले, आणि त्यांतील सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३ लाख ४१ हजार, एकट्या महाराष्ट्राचा होता. या आकड्यात जमिनीचा व घराचा ताबा मिळवण्याच्या दरखास्तीही आहेत, बँकांच्या आणि पतसंस्थांच्याही आहेत. परंतु त्यांपैकी प्रत्येकीच्या मागे कोणाच्या तरी बाजूने झालेला निर्णय आहे, आणि तो निर्णय कागदावरच थांबला आहे, ही गोष्ट सर्वांना सारखीच लागू पडते. ज्याने वकील न लावता स्वतःच दावा लढवला, त्याच्यासाठी ही थांबलेली अवस्था अधिकच कठीण असते, कारण साक्षीपुरावा कसा द्यावा हे त्याने कष्टाने शिकून घेतलेले असले तरी देणेकऱ्याकडून पैसे प्रत्यक्ष कसे काढावेत हे त्याला कोणी सांगितलेले नसते. या लेखाचे प्रतिपादन असे आहे की छोट्या रकमेच्या दाव्यात वसुली हा शेवटचा टप्पा नसून पहिला प्रश्न आहे, आणि तो दावा दाखल करण्यापूर्वीच विचारला गेला पाहिजे.

‘छोटे दावे’ ही कल्पना भारतीय कायद्यात जुनी आहे. मुंबई, कोलकाता आणि मद्रास या तीन इलाखा शहरांसाठी १८८२ चा आणि उर्वरित प्रांतांसाठी १८८७ चा असे लघुवाद न्यायालयांचे दोन कायदे ब्रिटिश काळात झाले, आणि किरकोळ रकमांचे तंटे थोडक्या पुराव्यावर, थोडक्या वेळात आणि अपिलांच्या पायऱ्या कमी ठेवून मिटावेत हा त्यांचा हेतू होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी मुंबईच्या आणि पुढे १८८४ पासून पुण्याच्या लघुवाद न्यायालयात न्यायाधीश म्हणून काम केले होते. मुंबईत धोबी तलावाजवळ आजही उभे असलेले लघुवाद न्यायालय मात्र नावापुरतेच छोट्या रकमांचे राहिले आहे. साध्या पैशाच्या दाव्यांसाठी त्याची मर्यादा १०,००० रुपयांवर अडकून पडल्यामुळे आणि घरमालक-भाडेकरू यांचे तंटे त्याच्याकडे सोपवले गेल्यामुळे त्याचे बहुतेक काम भाड्याच्या जागांचे झाले आहे. महागाईच्या काळात ही मर्यादा इतकी खाली राहू देणे म्हणजे सामान्य माणसासाठी बांधलेले एक दार जवळजवळ लावून घेणेच होय. परिणामी लाखाच्या आतबाहेरची रक्कम वसूल करू पाहणाऱ्या माणसाला मुंबईत नगर दिवाणी न्यायालयात आणि तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे जावे लागते, आणि तंटा विकत घेतलेल्या वस्तूचा किंवा मोबदला देऊन घेतलेल्या सेवेचा असेल तर त्याच्यापुढे ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो.

स्वतःचा दावा स्वतः चालवण्याचा अधिकार ही कोणाची मेहेरबानी नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ३ नुसार पक्षकाराला स्वतः, मुखत्यारामार्फत किंवा वकिलामार्फत न्यायालयात हजर राहता येते, आणि तालुका व जिल्हा न्यायालयांत दावा, अर्ज आणि प्रतिज्ञापत्र मराठीत देता येते. ज्याला वकील हवा आहे पण परवडत नाही, त्याच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली मोफत वकिलाची तरतूद आहे; स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कारखान्यांतील कामगार यांना तो हक्क उत्पन्नाची अट न घालता मिळतो, ही माहिती अजूनही पुरेशी पोचलेली नाही.

दावा दाखल करण्याच्या तपशिलांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे वसुलीशी थेट नाते असलेल्या काही बाबींचाच उल्लेख पुरेसा आहे. उसनवारीच्या रकमेसाठी मुदत कायद्याने ठरवलेली मुदत सर्वसाधारणपणे ३ वर्षांची असते, आणि ती संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सही करून देणे कबूल केले तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते, म्हणून कबुलीची दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा मोलाची ठरते. मोबाइलवरील संदेशांच्या छापील प्रती पुरावा म्हणून द्यायच्या असतील तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते. मात्र या सर्वांहून अधिक नुकसान प्रतिवादीचे नाव चुकीचे लिहिल्याने होते. दुकानाच्या पाटीवरचे नाव हे बहुधा कोण्या एका मालकाचे व्यवसायनाम असते, आणि त्या नावाने दावा लावता येत असला तरी मालकाचे स्वतःचे नाव कागदावर नसेल तर जप्तीच्या वेळी घर कोणाचे, खाते कोणाचे, वाहन कोणाचे या वादाला तोंड फुटते. उलट प्रतिवादी ही नोंदणीकृत कंपनी असेल तर तिच्याविरुद्धच्या हुकूमनाम्याने संचालकाच्या खासगी मालमत्तेला सहसा हात लावता येत नाही, आणि कंपनीच्या खात्यात काही उरले नसेल तर निकाल निरुपयोगी होतो. म्हणून पैसे देतानाच पावती कोणाच्या नावाची आहे, रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली आणि करारावर सही कोणत्या नात्याने झाली, हे पाहून ठेवणाऱ्याचा अर्धा मार्ग आधीच सुकर झालेला असतो. देणेकऱ्याने दिलेला जुना धनादेश, मग तो वटलेला असो वा परत आलेला, जपून ठेवावा, कारण त्यावर त्याच्या बँकेचे, शाखेचे आणि खात्याचे नाव छापलेले असते, आणि पुढे दरखास्तीत हीच माहिती सर्वांत दुर्मीळ ठरते.

दाव्याची सुनावणी चालू असताना प्रतिवादीने मालमत्ता विकायला किंवा नातेवाइकांच्या नावे करायला सुरुवात केली तर काय करायचे, हा प्रश्न अनेकांना निकालानंतर पडतो आणि तेव्हा उशीर झालेला असतो. संहितेच्या आदेश ३८ नियम ५ मध्ये निकालापूर्वीच्या जप्तीची तरतूद आहे : हुकूमनामा निष्फळ करण्याच्या हेतूने प्रतिवादी मालमत्तेची विल्हेवाट लावत आहे असे प्रतिज्ञापत्रावर दाखवता आले तर न्यायालय त्याच्याकडे तारण मागू शकते आणि ते न दिल्यास मालमत्ता जप्त करू शकते. हा अपवादात्मक उपाय आहे. नुसत्या भीतीवर तो मिळत नाही, विक्रीची जाहिरात, खरेदीखताची नोंद, बंद केलेले दुकान असे काही ठोस दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये राहुल शाह विरुद्ध जिनेंद्रकुमार गांधी या प्रकरणात याहून पुढचे पाऊल टाकले आणि पैशाच्या दाव्यात मुद्दे निश्चित करण्यापूर्वीच प्रतिवादीला त्याच्या संभाव्य देण्याच्या मर्यादेत मालमत्तेची माहिती शपथेवर देण्यास सांगता येईल, योग्य प्रकरणी तारणही मागता येईल आणि दरखास्त दाखल झाल्यापासून ६ महिन्यांत निकाली काढावी असे निर्देश दिले. स्वतः दावा चालवणाऱ्याने या निकालाची प्रत जवळ ठेवून मालमत्तेच्या माहितीचा अर्ज सुनावणीच्या सुरुवातीलाच द्यावा, कारण न्यायालये हे अधिकार आपणहून क्वचितच वापरतात.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. वसुलीच्या वाटेवर कायद्याने घातलेल्या अनेक अटी लेनदाराला जाचक वाटतात, परंतु त्यांच्यामागे मोठा इतिहास आहे, आणि तो इतिहास बराचसा महाराष्ट्राच्या मातीतला आहे. १८५९ साली मुदतीचा कायदा आणि पहिली दिवाणी प्रक्रिया संहिता आल्यानंतर दख्खनमधील सावकार दर तीन वर्षांनी कर्जरोखे नव्याने लिहून घेऊ लागले, प्रत्येक वेळी व्याज मुद्दलात मिसळू लागले, आणि निरक्षर शेतकऱ्याला समन्सचा अर्थच न कळल्याने तो न्यायालयात न गेल्यामुळे एकतर्फी हुकूमनाम्यांची रास पडू लागली. त्या काळी हुकूमनामा अगदी सहज वसूल होत असे : जमीन, बैल, घर आणि अखेरीस देणेकऱ्याचे शरीरही दिवाणी तुरुंगाच्या स्वाधीन करता येत असे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या त्या उठावात मुख्यतः कर्जरोखे आणि हुकूमनाम्यांचे कागद जाळले गेले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, ज्याने रोख्यामागचा खरा हिशेब तपासण्याचे कर्तव्य न्यायालयावर टाकले, सलोखा घडवणारे अधिकारी नेमले आणि पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करण्यास मनाई केली. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी ज्या प्रदेशात हुकूमनामा फार वेगाने वसूल होतो म्हणून उठाव झाला, त्याच प्रदेशात आज तो वसूलच होत नाही म्हणून लाखो दरखास्ती पडून आहेत. या दोन्ही परिस्थितींत भरडला गेला तो लहान माणूसच, हे विसरता येणार नाही.

आजच्या संहितेचे कलम ६० हे त्या जुन्या धड्याचे फलित आहे. देणेकऱ्याचे व त्याच्या कुटुंबाचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, गुरे व बियाणे, शेतकऱ्याचे, मजुराचे किंवा घरकाम करणाऱ्याचे राहते घर, भविष्य निर्वाह निधी आणि आयुर्विम्याची रक्कम यांपैकी कशावरही जप्ती आणता येत नाही. वेतनाच्या बाबतीत पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित असतो. म्हणजे जप्तीसाठी विचारात घेण्याजोगे वेतन ३१,००० रुपये असेल तर १,००० वगळून उरलेल्या ३०,००० पैकी २०,००० देणेकऱ्याकडे राहतात आणि महिना १०,००० रुपयेच न्यायालयात जमा होऊ शकतात, तेही एका हुकूमनाम्यापोटी एकूण २४ महिन्यांपर्यंतच. ही मर्यादा योग्य आहे. ज्याच्याकडे खरोखर नाही, त्याच्या चुलीवरचे भांडे उचलून कोणाचे कर्ज फिटत नाही.

अटकेबाबतही हेच तत्त्व लागू होते. रक्कम ५,००० रुपयांहून अधिक असेल तर ३ महिन्यांपर्यंत, २,००० ते ५,००० या दरम्यान असेल तर ६ आठवड्यांपर्यंत दिवाणी कैद देता येते, त्याखाली मुळीच नाही. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक करता येत नाही. आणि कैदेतील देणेकऱ्याच्या निर्वाहाचा भत्ता लेनदारालाच भरावा लागतो. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या प्रकरणात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले की केवळ देणे फेडता येत नाही म्हणून कोणाला तुरुंगात घालणे हे संविधानाच्या कलम २१ शी विसंगत आहे, आणि साधन असूनही अप्रामाणिकपणे टाळाटाळ केली हे दाखवल्याशिवाय अटक होऊ शकत नाही. कायद्याची सारी रचना अशा रीतीने एकाच भेदावर उभी आहे : देणेकरी देऊ शकत नाही की देऊ इच्छित नाही. अडचण अशी की हा भेद सिद्ध करण्याचे ओझे हुकूमनामाधारकावर पडते, देणेकऱ्याच्या मालमत्तेची माहिती मात्र देणेकऱ्याच्याच खिशात असते.

ही कोंडी फोडण्यासाठी संहितेत एक साधन आहे आणि त्याचा वापर जितका व्हायला हवा तितका होत नाही. आदेश २१ नियम ४१ प्रमाणे हुकूमनाम्याची रक्कम ३० दिवसांत चुकती झाली नाही तर हुकूमनामाधारक असा अर्ज करू शकतो की निर्णीत ऋणकोने आपल्या सर्व मालमत्तेचे विवरण प्रतिज्ञापत्रावर द्यावे. त्याला न्यायालयात बोलावून तोंडी विचारपूसही करता येते, आणि न्यायालयाने आदेश देऊनही त्याने प्रतिज्ञापत्र दिले नाही तर त्याला ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. नोकरी कोठे आहे, बँक खाती कोणती आहेत, वाहन, शेअर, भाड्याने दिलेली जागा, इतरांकडून येणे असलेली रक्कम, हे सारे या विवरणात यावे लागते. स्वतः दावा चालवणाऱ्या पक्षकाराच्या दृष्टीने दरखास्तीतील पहिला अर्ज हाच असला पाहिजे, कारण जप्तीचा आदेश कशावर मागायचा हे त्याशिवाय ठरतच नाही, आणि ‘प्रतिवादीची जी मालमत्ता आढळेल ती जप्त करावी’ अशा मोघम विनंतीवर बेलिफ रिकाम्या हातांनीच परत येतो.

दरखास्तीचा अर्ज तक्त्याच्या स्वरूपात असतो. दाव्याचा क्रमांक, पक्षांची नावे, हुकूमनाम्याची तारीख, अपील झाले आहे काय, आतापर्यंत किती रक्कम मिळाली, पूर्वी दरखास्त केली होती काय, आज व्याजासह किती येणे आहे आणि न्यायालयाने कोणत्या मार्गाने मदत करावी, एवढे रकाने भरायचे असतात, आणि हे काम काळजीपूर्वक करणाऱ्या कोणाही साक्षर माणसाला जमण्याजोगे आहे. व्याजाचा हिशेब मात्र हुकूमनाम्यात लिहिलेल्या दरानेच करावा. हुकूमनाम्यानंतरच्या काळासाठी साधारणतः मुद्दलावर द. सा. द. शे. ६ हा कमाल दर असतो आणि व्यापारी व्यवहारातच तो वाढू शकतो, त्यामुळे ९०,००० रुपयांच्या मुद्दलावर वर्षाला ५,४०० रुपये एवढेच व्याज धरता येते. हुकूमनाम्याला २ वर्षे होण्यापूर्वी दरखास्त केली तर निर्णीत ऋणकोला आधी नोटीस काढण्याचा एक टप्पा सामान्यतः वाचतो. तो दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेला असेल किंवा त्याची मालमत्ता तेथे असेल तर हुकूमनामा त्या न्यायालयाकडे वर्ग करून घ्यावा लागतो. अर्ज दाखल झाल्यावर शिरस्तेदार तो तपासतो, त्रुटी असल्यास दुरुस्त करून घेतो, आणि मग जप्तीचे वॉरंट नाझराच्या कचेरीमार्फत बेलिफाकडे जाते. या साखळीतील प्रत्येक कडीला प्रक्रिया शुल्क वेळेवर भरलेले लागते. ते न भरल्यामुळे वॉरंट निघालेच नाही आणि दोन तारखा फुकट गेल्या, असे फार वेळा घडते, आणि रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झाले याची अधिकृत नोंद, नियमित वाचणाऱ्यालाच ते वेळेत कळते. ई-न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रकरणाच्या १६ अंकाक्षरी क्रमांकाने तारीख आणि आदेश पाहता येतात, ही अलीकडची मोठी सोय आहे.

मार्ग कोणता निवडायचा हे देणेकऱ्याच्या स्थितीवर अवलंबून असते. पगारदार माणसाच्या बाबतीत वेतनाची जप्ती सर्वांत खात्रीची, कारण न्यायालयाचा आदेश पोचल्यावर कपात करून रक्कम जमा करण्याची जबाबदारी नियोक्त्यावर येते. व्यापाऱ्याच्या बाबतीत त्याचे बँक खाते किंवा त्याला इतरांकडून येणे असलेली रक्कम हे योग्य लक्ष्य असते. १९७६ च्या दुरुस्तीने आलेल्या आदेश २१ मधील नियम ४६-क आणि त्यापुढील नियमांनुसार न्यायालय अशा तिसऱ्या माणसाला, म्हणजे देणेकऱ्याच्या देणेकऱ्याला, रक्कम थेट न्यायालयात भरण्यास सांगू शकते. घरातील चीजवस्तूंची जप्ती मात्र दिसायला जरब बसवणारी असली तरी हाती फारसे देत नाही, कारण कलम ६० मधील अपवाद, ‘हे सामान माझे नाही, भावाचे आहे’ अशा हरकती आणि लिलावात येणारी नाममात्र किंमत यांत ती विरून जाते. शिवाय बेलिफाला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही. लघुवाद न्यायालय स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा आदेश देऊ शकत नाही, त्यासाठी हुकूमनामा नियमित दिवाणी न्यायालयाकडे न्यावा लागतो. जमिनीची किंवा सदनिकेची जप्ती झाली की तिची उद्घोषणा दवंडीने किंवा अन्य रूढ मार्गाने होते, आदेशाची प्रत मालमत्तेवर, न्यायालयात आणि खेड्यातील जमीन असल्यास ग्रामपंचायतीच्या कचेरीत लावली जाते, आणि त्यानंतर देणेकऱ्याने केलेली खासगी विक्री जप्तीपुरती निरर्थक ठरते. जप्तीची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत करून घेण्यासाठी हुकूमनामाधारकाने स्वतः अर्ज करून पाठपुरावा करावा, कारण खरेदीदार आधी सातबारा पाहतो, न्यायालयाचा फलक नाही. लहान रकमेसाठी जमिनीचा लिलाव क्वचितच शेवटास जातो, पण जमिनीवर बोजा चढला की पीककर्ज किंवा विक्री अडते आणि देणेकरी स्वतःहून तडजोडीला येतो.

तडजोड करताना एक काळजी घ्यावी लागते. न्यायालयाबाहेर घेतलेल्या रकमेची नोंद न्यायालयात झाली नाही तर अंमलबजावणी करणारे न्यायालय ती विचारात घेत नाही, म्हणून प्रत्येक हप्त्यानंतर दोन्ही बाजूंच्या सह्यांची पुरसीस, म्हणजे पक्षकाराने न्यायालयाला दिलेले छोटे लेखी निवेदन, दाखल करावी. हुकूमनामा झाल्यानंतर हप्ते बांधून देण्यास हुकूमनामाधारकाची संमती लागते, तेव्हा संमती देताना एक हप्ता चुकल्यास उरलेली सर्व रक्कम एकदम वसूल होईल अशी अट घालून घेणे हिताचे असते.

ग्राहक आयोगाचा मार्ग याहून सुसह्य आहे, आणि तो तसा घडण्यात मुंबईच्या ग्राहक चळवळीचा वाटा आहे. वकील नसलेल्या प्रतिनिधीलाही तक्रारदाराची बाजू मांडता येते की नाही, हा वाद मुंबई उच्च न्यायालयाने २००२ साली ग्राहकांच्या बाजूने निकाली काढला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली त्यावर शिक्कामोर्तब केले. २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याखाली मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असलेल्या तक्रारीला शुल्क नाही, तक्रारीची मुदत २ वर्षांची आहे, आणि आदेश पाळला गेला नाही तर दोन शस्त्रे उपलब्ध आहेत : कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे वसुली आणि कलम ७२ खाली १ महिना ते ३ वर्षे कैद, किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्याखालील आदेशांच्या बाबतीत मात्र २००३ च्या दुरुस्तीतील एका शब्दामुळे अंतिम आदेशाच्या वसुलीबद्दल अनेक वर्षे संभ्रम राहिला होता. पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ‘अंतरिम आदेश’ हे शब्द ‘कोणताही आदेश’ असे वाचावेत असे ठरवून तो दूर केला. कायद्याच्या मसुद्यातील एका शब्दाने इतक्या वर्षांचे आदेश अधांतरी ठेवावेत, ही कोणत्याही सुजाण नागरिकाला अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

परदेशातील अनुभव या बाबतीत फार वेगळा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात छोट्या दाव्यांच्या न्यायालयात वकिलांना सहसा मज्जाव असतो, त्यामुळे सामान्य माणूस खरोखरच स्वतः बोलतो, पण निकालानंतरची वसुली तेथेही जिंकणाऱ्यानेच करायची असते. फरक आहे तो पुढच्या यंत्रणेच्या वेगाचा. महाराष्ट्रात तो वेग आणायचा असेल तर देणेकऱ्याच्या मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र अर्जाची वाट न पाहता प्रत्येक पैशाच्या हुकूमनाम्यानंतर सक्तीने घेतले गेले पाहिजे, लघुवाद न्यायालयाची १०,००० रुपयांची मर्यादा आजच्या किमतींना साजेशी वाढवली पाहिजे, आणि ६ महिन्यांच्या मुदतीबद्दलचे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश तालुक्याच्या न्यायालयात बेलिफांची पुरेशी संख्या देऊन पाळले गेले पाहिजेत. गरीब देणेकऱ्याला १८७९ पासून मिळत आलेले संरक्षण यांतील कोणत्याही सुधारणेने कमी होत नाही. कमी होते ती ऐपत असूनही तारखांच्या आड लपणाऱ्याची सोय.

तोपर्यंत ज्या घरांतील कपाटात हुकूमनाम्याची नक्कल पडून आहे, त्यांनी ती काढून तिच्यावरची तारीख पाहावी. पैशाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी मुदत कायद्याने १२ वर्षे दिली आहेत. ती संपली नसतील तर दरखास्तीचा अर्ज आजही दाखल करता येतो.